टोकियो स्वच्छ आहे, मग?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मार्चअखेर मुलाकडे टोकियोला गेले होते, तीन आठवडे राहून परत आले. ही बातमी भावकीत, जुन्या सहकारी शिक्षकांत आणि पौडच्या बाजारात एव्हाना सगळ्यांना कळली आहे. भेटेल तो विचारतो, "काय बाई, कसं आहे टोकियो?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तोच देऊन टाकतो. "एकदम स्वच्छ असेल ना? काय ती शिस्त! नाहीतर आपली माणसं..."

वाक्य तिथेच तुटतं. पुढे नुसती टिंबं. ती कुणी भरत नाही, कारण त्या जागी काय येतं हे सगळ्यांना पाठ आहे. मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, "रिकाम्या जागा भरा" हा प्रश्न किती वेळा फळ्यावर लिहिला असेल त्याची गणती नाही. तेव्हा आज या रिकाम्या जागेबद्दलच लिहिते. माझं भांडण टोकियोशी नाही. टोकियो मला आवडलं. माझं भांडण त्या टिंबांशी आहे.

आपल्याकडे परदेशवारीच्या वर्णनाचा एक साचा ठरून गेलाय. विमानतळाचा चकचकीतपणा, सेकंदाला सेकंद जुळवून येणारी आगगाडी, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, कुणी हॉर्न वाजवत नाही, आणि शेवटी एक उसासा - "आपण कधी सुधारणार?" सातवीतल्या मुलाने गाईवर निबंध लिहावा तसं हे वर्णन असतं. गाईला चार पाय, जपानला शिस्त. असा निबंध माझ्याकडे तपासायला आला असता तर मी दहापैकी चार मार्क दिले असते आणि समासात लिहिलं असतं, "डोळ्यांनी पाहिलेलं लिहा."

म्हणून आधी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

पौडहून पहाटे निघून पुणे, पुण्याहून मुंबई, मुंबईहून दिल्ली, आणि दिल्लीहून रात्रीच्या विमानाने टोकियो. शेवटचा टप्पाच सात-आठ तासांचा. या वयात एवढा वेळ एका जागी बसायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. शेजारच्या तरुण मुलाला दर दोन तासांनी उठवून मी मधल्या बोळकांडीतून येरझारा घालत होते, तो बिचारा शेवटी स्वतःच म्हणाला, "आजी, तुम्ही कडेला बसा." सूनबाईसाठी नेलेलं मेतकूट, भाजणी आणि आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी यांची काळजी मला पासपोर्टपेक्षा जास्त होती. तांदूळ आदल्या रात्रीच मुलाने फोनवरून काढून ठेवायला लावला, तिकडे धान्य नेण्याचे नियम कडक आहेत म्हणून. मुळशीच्या बाईने आंबेमोहोर घरी ठेवून परदेशी जायचं! असो.

आपल्याकडे पहाटेचे साडेतीन तेव्हा तिकडे सकाळचे सात. हानेदा विमानतळावर उतरले, तपासणी झाली, बस मिळाली. पहिलं काय जाणवलं असेल तर शांतता. बस भरलेली, पण कुणी फोनवर बोलत नाही. दुसरं जाणवलं ते कुठल्याच वर्णनात वाचलं नव्हतं. डोक्यावर तारांचं जंजाळ! विजेचे खांब, त्यांना लोंबकळणारी काळी वेटोळी, गल्लीगल्लीत. मला क्षणभर पुण्याची रविवार पेठ आठवली. तिसरे ते कावळे. आपल्या कावळ्यांपेक्षा दुप्पट दांडगे, आणि कचऱ्याच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेले. पिशव्या फोडू नयेत म्हणून त्यांच्यावर जाळी टाकावी लागते. आणि चौथी गोष्ट म्हणजे रस्त्यावर कचऱ्याचे डबेच जवळपास नाहीत. १९९५ साली तिथल्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांतले पुष्कळ डबे काढून टाकले. लोक चॉकलेटचा कागद खिशात घालून घरी नेतात.

मुलगा राहतो निशी-कासाईला, एदोगावा प्रभागात. आपली मराठी मुलं तिथे इतकी आहेत की भाजीच्या दुकानात कढीपत्ता निवडताना मागून "काकू, जरा सरकता का?" असं ऐकू आलं. याच प्रभागातून २०१९ साली आपल्या अंबरनाथकडचे योगेंद्र पुराणिक निवडून आले. या भागातली बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. त्याच वर्षी प्रभागाने पुराचा नकाशा काढला, तर त्याच्या मुखपृष्ठावर छापलं होतं की मोठा पूर आला तर इथे थांबू नका, बाहेर पडा. स्वतःच्याच नागरिकांना इतकं सरळ सांगणारी नगरपालिका मला आवडली.

आता टिंबांकडे येते.

"त्यांच्या रक्तातच शिस्त आहे," असं म्हणणाऱ्यांनी थोडं मागे जावं. १९७० साली जपानात रस्त्यावरच्या अपघातांत १६,७६५ माणसं मेली. तिथले लोकच त्याला "वाहतूक युद्ध" म्हणत. २०२४ साली हा आकडा २,६६३ होता. गाड्या वाढल्या, माणसं मरायची कमी झाली. पन्नास वर्षांत रक्त बदलतं का? पदपथ झाले, सिग्नल झाले, दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठी कायदे कडक झाले, मुलांच्या शाळेच्या वाटा आखून झाल्या. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, आणि आपण अजून "लोकांना सेन्सच नाही" एवढ्यावर विषय संपवतो.

टोकियोची सुमिदा नदी घ्या. तिच्या काठची आतषबाजी शेकडो वर्षांची. १९६१ नंतर ती बंद पडली. गर्दी हे एक कारण, नदीची दुर्दशा हे दुसरं. पुन्हा सुरू झाली ती १९७८ साली. म्हणजे आपण ज्यांना जन्मजात स्वच्छ समजतो त्यांनीही आपली नदी नासवली होती. मग ती निस्तरली. आपली मुळा-मुठा आज जशी आहे ती काही पुणेकरांच्या कुंडलीत लिहून आलेली नाही.

आणि कचरा! निशी-कासाईहून नदी ओलांडली की कोतो प्रभागात युमेनोशिमा नावाची जागा लागते. नावाचा अर्थ "स्वप्नांचं बेट". मुलाने तिथलं मोठं काचघर दाखवायला नेलं, आत केळी, नारळ, पपई. मला कोकणात आल्यासारखं वाटलं. हे काचघर शेजारच्या कचरा जाळण्याच्या कारखान्याच्या उष्णतेवर गरम ठेवतात. पण हे बेट मुळात आहे काय? टोकियोच्या कचऱ्याने भरून काढलेला समुद्र. १९६५ च्या उन्हाळ्यात इथून माश्यांचे थवे उठून आसपासच्या वस्तीत शिरले, शाळांमध्ये मुलांना जेवणं अशक्य झालं. शेवटी बेटाचा कचरा पेटवून द्यावा लागला.

सगळ्या शहराचा बहुतेक कचरा कोतोतून जायचा आणि कोतोतच पडायचा. तिकडे सुगिनामी हा चांगल्या खात्यापित्या लोकांचा प्रभाग. तिथे कचरा जाळायचा कारखाना काढायचं ठरलं, तर तिथल्या लोकांनी विरोध केला. आमच्या दारात नको! १९७१ साली टोकियोचे निवडून आलेले गव्हर्नर र्‍योकिची मिनोबे यांनी "कचरा युद्ध" जाहीर केलं. कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्या रस्त्यात अडवल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. कचरा तुमचा, तर त्रासातला वाटाही तुमचा. १९७४ साली सुगिनामीत तडजोड झाली, आणि १९८० नंतर तो कारखाना उभा राहिला, सुगिनामीतच.

मंडळी, ही गोष्ट ओळखीची वाटते की नाही? पुण्याचा कचरा १९९० च्या दशकापासून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडत आला. विहिरी नासल्याची तक्रार करत गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या. तेव्हा पुण्यात आपण काय म्हणत होतो? "या लोकांनी शहराला वेठीला धरलंय." तेच लोक टोकियोचा रस्ता पाहून म्हणतात, "काय ती शिस्त!" ती शिस्त गाड्या अडवणाऱ्यांनी आणली आहे हो! कोतोच्या लोकांनी मुकाट्याने माश्या मारत बसायचं ठरवलं असतं तर आज तुम्हाला फोटो काढायला स्वच्छ टोकियो मिळालं नसतं. तिकडचं भांडण झालं की ती लोकशाही आणि इकडचं झालं की ती अडवणूक, हा न्याय कुठला?

दुसरा पुरावा घरातलाच देते. माझा मुलगा आधी हिंजवडीत कामाला होता. (हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात येते, हे तिथल्या कोंडीत अडकलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?) त्याच्या इमारतीतली चार-पाच मराठी घरंही अशीच हिंजवडी, खराडी, मगरपट्टा करून गेलेली. त्यांच्यात कुणी तिकडे गेल्यावर रक्त बदलून घेतलेलं नाही. पण प्रत्येकाच्या फ्रिजवर कचऱ्याचं वेळापत्रक चिकटवलेलं. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, न जळणारा महिन्यातून कोणत्या दिवशी. चुकीची पिशवी ठेवली तर गाडीवाले तिच्यावर कागद चिकटवून ती तिथेच सोडून जातात. दंड नाही, आरडाओरडा नाही, पण सगळ्या इमारतीला कळतं. आणि मुख्य म्हणजे गाडी सांगितलेल्या दिवशी येते. वर्षानुवर्षं. ज्या घंटागाडीचा भरवसाच नाही तिच्यासाठी कोण वर्गवारी करत बसेल? माणूस व्यवस्थेवर विश्वास ठेवायला शिकतो तो व्यवस्थेमुळेच, उपदेशामुळे नाही. हे मी शिक्षिका असून सांगते आहे, म्हणजे आमच्या धंद्याचंच नुकसान करून घेते आहे.

तिसरी गोष्ट, हात कुणाचे? एका स्टेशनच्या स्वच्छतागृहात एक बाई फरशी पुसत होत्या. वय सत्तरीच्या पुढेच, कदाचित माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. कंबरेत वाकलेल्या. मला पाहून त्या बाजूला झाल्या आणि वाकून काहीतरी म्हणाल्या, बहुतेक "गैरसोयीबद्दल माफ करा" असं. मला त्यांची माफी मागावीशी वाटली. मग लक्ष द्यायला लागले, तर रस्त्याच्या कामापाशी हातात दिवा धरून पादचाऱ्यांना वाट दाखवणारे आजोबा, टॅक्सी चालवणारे आजोबा, बागेतला पाचोळा गोळा करणाऱ्या आजी. रात्री दुकानात हिशेबाला बसलेली पोरं नेपाळची, व्हिएतनामची. "जपान स्वच्छ आहे" या वाक्यात कर्ता दिसत नाही. मराठी व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला अशी वाक्यं खटकतात. कुणीतरी स्वच्छ करतं, म्हणून स्वच्छ आहे.

नात तिथल्या सरकारी शाळेत जाते. जेवणानंतर सगळी मुलं फडकी घेऊन वर्ग, जिना, व्हरांडा पुसतात. याचे व्हिडिओ आपल्याकडे मोठ्या भक्तिभावाने पुढे पाठवले जातात, "हे असतात संस्कार" म्हणून. मी शाळेत असताना वर्ग झाडायची पाळी लावली होती. हजेरीपटाच्या क्रमाने, मुलगा-मुलगी, सगळ्या घरची. दुसऱ्याच आठवड्यात एक प्रतिष्ठित पालक दारात हजर. "आमचं पोर झाडू मारायला पाठवत नाही शाळेत. ती कामं करणारी आहेत की वर्गात." कोण "ती", हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. इथेही टिंबंच! मी पाळी बदलली नाही, पण पुढे वर्षभर त्या गृहस्थांचा नमस्कार बंद होता. आपल्याकडे अडचण झाडूची नाही, झाडू कुणाच्या हातात द्यायचा याची आहे. गाडगेबाबांनी आयुष्यभर स्वतःच्या हातात झाडू धरला, आपण त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान काढलं आणि झाडू पुन्हा ठराविक हातांत ठेवला. जपान यातून सुटलाय असं समजू नका. कातडी आणि खाटिककाम करणाऱ्यांना तिथेही शतकानुशतकं अस्पृश्यासारखं वागवलं. १८७१ साली हुकूम काढून तो दर्जा रद्द केला, तरी लग्न आणि नोकरीच्या वेळी त्या वस्त्यांची चौकशी पुढे कित्येक वर्षं होत राहिली.

आणि आपल्याकडे हात नाहीत म्हणता? पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायांनी "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" उभी केली. त्यातूनच "स्वच्छ" ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला लागली. या बाया रोज आपला कचरा हाताने वेगळा करतात, कारण आपण तो एकत्र करून देतो. "आपली माणसं" म्हणताना या बाया कधी आपल्या डोळ्यांसमोर येतात का? येत नाहीत, कारण आल्या तर वाक्य पुरं करता येणार नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या जिव्हाळ्याचा. पाण्याचा.

कुठल्याही गावी गेलं की मी विचारते, इथे पाणी कुठून येतं? भूगोल शिकवण्याची खोड. मुलगा म्हणाला, आता टोकियोचं बहुतेक पाणी तोने आणि आरा नद्यांच्या खोऱ्यांतून येतं, पण जुनं मोठं धरण पश्चिमेला डोंगरात आहे. म्हटलं, तिकडे ने. निशी-कासाईहून गाड्या बदलत अडीच-तीन तास. शेवटच्या टप्प्यावर दोन्ही बाजूंना डोंगर चढत जातात, खाली नदी, उतारावर चार-दोन घरं. आगगाडी ताम्हिणीत शिरल्यासारखी वाटली मला. ओकुतामा स्टेशन, तिथून बस, आणि मग समोर ओगोची धरण. १४९ मीटर उंच. मागे लांबच लांब तलाव.

हे धरण १९३८ साली बांधायला घेतलं, युद्धात काम थांबलं, १९५७ साली पुरं झालं. त्यासाठी ९४५ घरं उठवली. धरण होणार असं जाहीर झालं आणि मग वर्षानुवर्षं काही ठरेना. खालच्या भागातल्या शेतीच्या पाण्याचा वाद मिटेना, वरच्या गावांना ना नीट राहता येई ना जाता येई. शेती सुटली, कर्जं झाली. तात्सुझो इशिकावा या लेखकाने १९३७ साली याच गावावर कादंबरी लिहिली. बांधकामात ८७ कामगार मेले. शिस्तप्रिय म्हणून आपण ज्यांना ओवाळतो त्यांनी डोंगरातल्या माणसांशी केलेला व्यवहार हा असा.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सूनबाईला वाटलं, मी दमले. दमले नव्हते. मी मुळशीच्या तलावाकडे बघत होते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायचं ठरवलं. सरकार इंग्रजांचं, जमीन मावळ्यांची, आंबेमोहोराची. बावन्न गावांवर पाणी येणार होतं. १९२१ च्या १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. "जान किंवा जमीन" ही प्रतिज्ञा. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट हे पुढारी; बापट "सेनापती" झाले ते इथेच. बायकाही तुरुंगात गेल्या. धरण झालंच. १९२७ साली भिऱ्याच्या वीजघरात वीज तयार व्हायला लागली. आजही मुळशीचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या कड्याखाली जवळजवळ पाचशे मीटर उतरतं, वीज करतं आणि कुंडलिकेतून समुद्राला जातं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं आहे, जरूर वाचा. पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे. त्या रस्त्यांवरच्या काचेच्या इमारतींत बसून "परदेशात बघा" म्हणणाऱ्यांना विचारा, हे बापट कशाचे सेनापती होते?

ओगोचीला आणि मुळशीला शहराने एकच केलं. पुढचं मात्र वेगळं आहे. ओगोचीला धरणापाशी मेलेल्या कामगारांचं स्मारक आहे. शेजारी संग्रहालय आहे, त्यात बुडालेल्या गावाची घरं, अवजारं, नाच, सगळं मांडलेलं, आणि ते चालवण्यात शहराच्या पाणीपुरवठा खात्याचाही हात आहे. धरणाच्या वरच्या अंगाचं जंगल टोकियो शहर १९०१ पासून राखतंय, आज ते २५ हजार हेक्टरांच्या आसपास आहे. म्हणजे शहर स्वतःच्या खर्चाने डोंगर सांभाळतं, कारण डोंगर ढासळला तर नळ कोरडा पडेल हे त्याला समजतं. उपकार म्हणून नव्हे, देणं म्हणून. गेलेलं गाव त्याने परत येत नाही. पण निदान देणेकऱ्याला देणं आठवतं.

आणि आपल्याकडे? पुण्याला पाणी कमी पडलं की अधूनमधून मागणी उठते, मुळशीचं पाणी पश्चिमेला का जातं, ते पूर्वेला वळवा. मागणीत तथ्य असेलही. पण ज्या गावांच्या भातखाचरांवर ते पाणी उभं आहे त्यांना पाण्यातला वाटा काय, हा प्रश्न त्या बातम्यांत कितीसा असतो? मुंबईची वीज, पुण्याचं पाणी, आणि आमचा काय, नुसता पावसाळी धबधबा? शनिवार-रविवार ताम्हिणीला येऊन बाटल्या फेकून जाणारी शहरी मंडळी सोमवारी सकाळी जपानच्या स्वच्छतेचा व्हिडिओ पाठवतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

परदेशाचं दिपून जाणं किती महाग पडतं याचं उदाहरण तर आमच्याच तालुक्यात आहे. मोसे खोऱ्यात लवासा उभं राहिलं ते इटलीतल्या पोर्तोफिनोचा नमुना समोर ठेवून. रंगीत घरं, पाण्याकाठची फेरी, नावंसुद्धा परकी. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायची नोटीस दिली, पुढे अटींवर मंजुरी मिळाली, २०१८ साली प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. पोर्तोफिनो शतकानुशतकं कोळ्यांचं गाव म्हणून वाढलं. त्याचा दर्शनी भाग उचलून आणता येतो, वाढ आणता येत नाही. "तिकडच्यासारखं इकडे" या वाक्याने मुळशीचे डोंगर कापले गेले, म्हणून मला ते वाक्य निरुपद्रवी वाटत नाही.

कुणी म्हणेल, बाई, म्हणजे माणसाची काही जबाबदारीच नाही का? थुंकणाऱ्याने थुंकत राहायचं? नाही. थुंकणाऱ्याला मी आयुष्यभर टोकलंय, अजूनही टोकते, एसटीच्या खिडकीतून थुंकणाऱ्याला तर मी खाली उतरवलंय. पण एकेकाला टोकणं वेगळं आणि सगळ्या समाजाला नालायक ठरवणं वेगळं. "आपली माणसंच तशी" म्हटलं की कचरा डेपोला कुणी उत्तर द्यायला नको, धरणग्रस्तांना कुणी हिशेब द्यायला नको, घंटागाडी का येत नाही हे नगरसेवकाला विचारायला नको. सगळा दोष रक्ताचा, मग रक्ताला कोण नोटीस काढणार? हे वाक्य वरवर आत्मटीकेचं वाटतं, प्रत्यक्षात ते आळशी माणसाचं सुटकेचं दार आहे. आणि बोलणारा स्वतःला "आपली माणसं" यातून हळूच वगळून घेतो, तेही बघा.

माझ्या वर्गात कुठलंही पोर "मला जमतच नाही" म्हणालं की मी विचारायची, काय जमत नाही, कुठपर्यंत जमतं, पुढची पायरी कोणती? तेच शहराला विचारायचं. टोकियोनेही आपली नदी, आपले रस्ते, आपला कचरा आधी बिघडवला, मग भांडून भांडून काहीसा सुधारला, आणि अजून सगळं जमलेलं नाही. हे कळल्यावर मला टोकियोबद्दल आदर वाढला आणि पुण्याबद्दल आशा वाटली.

तर आता उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण मुलांकडे जाल. सिंगापूर, सोल, टोकियो, दुबई. जरूर जा, डोळे भरून बघा, कौतुकही करा. चेरीच्या फुलांचे फोटो मला पाठवू नका, माझ्याकडे आता ते ढिगाने आहेत. त्याऐवजी तीन गोष्टी विचारून या. या शहराचा कचरा कुठे जातो? तो उचलणाऱ्या माणसाला पगार किती मिळतो? आणि इथल्या नळाच्या पाण्यासाठी कुठलं गाव उठलं, ते गाव आता कुठे आहे? उत्तरं मला लिहून पाठवा. हाताने लिहिलीत तरी चालेल, पौडला पोस्ट अजून येतं.